जुन्या पिकअपची ओढ वाढवायची आहे: चोर्ला घाट चढताना तिसरा गिअर टिकत नाही (बजेट २५ हजार)

लाल_माती (खानापूर)
गाडी बोलेरो पिकअप डीआय, २००९ ची. २५२३ सीसी, टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) आहे, इंटरकूलर (ती हवा गार करणारी जाळी) नाही, डिझेल पंप मेकॅनिकल. मीटर पावणेतीन लाखाच्या पुढं. उतरताना गोव्याला भाजी आणि येताना साखळीहून नारळ, म्हणजे चढ सगळा भरल्या गाडीनं. पूर्वी जिथं तिसरा गिअर ओढत होता तिथं आता दुसरा टाकावा लागतो. जोरात दाबलं की काळा धूर येतो, वेग वाढत नाही. स्टार्टिंग चांगलं, ऑइल खात नाही, टेंपरेचर काटा मधेच. ॲव्हरेज थोडं उतरलंय. एक मिस्त्री पंप वाढवून देतो म्हणाला, दुसऱ्यानं हाफ इंजिन (पिस्टन, रिंगा, लायनर नवे) सांगितलं. २५ हजारात काय काय बसेल आणि कुठल्या क्रमानं करावं?

घाटमाथा
पंपाला अर्धा फेरा डिझेल वाढवा, दुसऱ्या दिवशी फरक दिसेल. या इंजिनाचा ब्लॉक दणकट आहे, एवढं सहज सोसतं.

उद्यमबाग
घाटमाथा, ब्लॉक दणकट आहे हे शंभर टक्के खरं. पण जळतो तो पिस्टनचा माथा, तडकतं ते हेड, आणि तापतो तो टर्बो. त्यांची गाडी आताच काळा धूर सोडते आहे. काळा धूर म्हणजे डिझेल पुरेसं जातंय आणि ते जाळायला हवा पुरत नाही, किंवा नोझल फवारा नीट मारत नाही. अशा वेळी डिझेल वाढवलं तर धूर आणि उष्णता तेवढी वाढेल, चाकाला काही मिळणार नाही.

लाल_माती, नव्या गाडीचे ६३ एचपी होते, ३२०० आरपीएमला. त्यातले किती हरवलेत हे आधी शोधा. हरवलेले परत आणायला खर्च कमी लागतो आणि त्यात धोका काही नाही. वरचे नवीन मिळवायचे तर खर्चही आहे, जबाबदारीही आहे. एक पैसा खर्च करायच्या आधी हे बघा:

१. दहा किलोमीटर चालवून थांबा आणि चारही हब हात जवळ नेऊन तपासा. एक चाक जास्त गरम असेल तर ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग गेलंय. जॅकवर घेऊन हातानं फिरवा. मागचा ड्रम आवळून बसलेला असला की माणसं इंजिनाला दोष देत बसतात.

२. क्लच. चौथ्या गिअरमधे ताशी ४० वर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी तिथंच राहिली तर क्लच घसरतोय. तसं असेल तर बाकी सगळं थांबवून आधी प्लेट बदला.

३. एअर फिल्टर. खानापूर-जांबोटी भागातली लाल धूळ फार बारीक असते. फिल्टरला बाहेरून हवा मारू नका, धूळ कागदात घुसते. आतून बाहेर, कमी दाबानं. दोनदा साफ केलेला फिल्टर तिसऱ्यांदा बदलाच.

४. फिल्टर ते टर्बो हा होज उघडून आत बोट फिरवा. बोटाला लाल माती लागली तर होज फुटलाय किंवा क्लिप ढिली आहे. ही धूळ टर्बोची पाती आणि रिंगा दोन्ही खाते. हे सापडलं तर त्याच दिवशी दुरुस्त करा.

टॅपेट
वरच्यात भर. फिल्टर चोंदलाय की नाही हे मोजून ठरवता येतं. दीड मीटर पारदर्शक नळी घ्या, इंग्रजी यू सारखी वाकवून फळीला बांधा, अर्ध्यापर्यंत पाणी भरा. एक टोक फिल्टर आणि टर्बोच्या मधे, दुसरं उघडं. नळी तिथं बसवताना पाणी ओढून इंजिनात जाऊ नये म्हणून उभे दांडे लांब ठेवा. चढावर भरल्या गाडीनं पूर्ण दाबल्यावर दोन पातळ्यांतला फरक ६०० मिमीच्या वर गेला तर फिल्टर किंवा त्याच्या तोंडाचा पाइप अडलाय. जागेवर उभ्या गाडीचा आकडा कमी येतो, त्यावर जाऊ नका.

डिझेलसाठी सगळ्यात स्वस्त चाचणी: पाच लिटरचा स्वच्छ कॅन घट्ट बांधा, त्यातून नवी नळी थेट फीड पंपाला द्या, रिटर्नही कॅनमधेच सोडा. कॅन केबिनमधे किंवा सायलेन्सरजवळ नको. असं करून गाडी ओढायला लागली तर दोष टाकी, टाकीतली जाळी किंवा लाइनचा आहे, पंप-नोझलला हात लावायची गरज नाही. शिवाय फिल्टरनंतर वीतभर पारदर्शक नळी टाकून बघा. बुडबुडे दिसले तर कुठंतरी हवा ओढते आहे. बहुतेक वेळा बँजो बोल्टचे (डिझेल नळीच्या जोडाचे पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर परत परत वापरलेले असतात.

उद्यमबाग
आता मुख्य मुद्दा, टर्बोची हवा. एक साधा बूस्ट गेज घ्या, ० ते २ बार. इनटेक मॅनिफोल्डमधून (सिलिंडरांना हवा वाटणारा पाइप) टी काढून केबिनपर्यंत नळी आणा. हा गेज कायम राहू द्या. पुढं काहीही केलं तरी फायदा झाला की तोटा हे तोच सांगेल.

गळती शोधायची पद्धत: इंजिन बंद. टर्बोच्या हवा घ्यायच्या तोंडावर पीव्हीसीची टोपी क्लिपनं आवळा, तिला टायरचा व्हॉल्व्ह बसवा. कॉम्प्रेसरनं ०.५ ते ०.७ बार इतकीच हवा भरा, जास्त नाही, नाहीतर टर्बोच्या सीलमधून ऑइल सरकेल. साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर लावा. होजची खालची बाजू बघायची, फट तिथंच पडते आणि वरून दिसत नाही. थोडी हवा उघड्या व्हॉल्व्हमधून क्रँककेसमधे जाणारच, ती वेगळी ओळखा.

दुसरं, मॅनिफोल्डमधून एक बारीक नळी पंपाच्या डोक्यावरच्या डायफ्रॅमला जाते का बघा (सगळ्या पंपांना नसते). टर्बोची हवा वाढली की हा डायफ्रॅम पंपाला जादा डिझेलची परवानगी देतो. ही नळी तडकली तर गाडी बिनटर्बोची असल्यासारखी वागते. नळीची किंमत चहाच्या दोन कपांएवढी असेल, पण तिच्यामुळं पंप उघडला जातो.

टर्बोचा शाफ्ट: गार असताना बोटानं हलवा. बाजूला किंचित हलणं चालतं, पाती घराला घासता कामा नये. पुढं-मागं हलणं हाताला जाणवलं तर टर्बो संपलाय. वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा देऊन सोडणारी झडप) असेल तर तो बंद असताना पूर्ण बंद होतो का, रॉड गंजून अडकलाय का, हे बघा.

नारळी_वळण
दुसरं हाफ इंजिनचं. ते खरंच लागणार आहे का हे कॉम्प्रेशन गेजनं कळतं, अंदाजानं नाही. इंजिन गरम करा, पंपाच्या सॉलेनॉइडची (डिझेल बंद करणारा व्हॉल्व्ह) वायर काढा, चारही नोझल काढा, बॅटरी पूर्ण चार्ज हवी. आकड्यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून खाली असेल तर त्यात अर्धा चमचा इंजिन ऑइल घालून परत मोजा. आकडा चढला तर रिंगा, जागेवर राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. अर्ध्या चमच्याच्या वर ऑइल घालू नका, डिझेल इंजिनात वर जागाच इतकी कमी असते की ऑइल दाबलं न गेल्यानं कनेक्टिंग रॉड वाकतो.

ऑइल खात नाही, सकाळी एका सेल्फला चालू होते, तर माझ्या मते हाफ इंजिनची वेळ आलेली नाही.

लाल_माती
हबचा प्रश्न नाही, क्लच ठीक. फिल्टर ते टर्बो होज आतून स्वच्छ. कॉम्प्रेशन २५, २४, २५, २४ किलो. बूस्ट गेज बसवला: तिसरा गिअर, २२०० आरपीएम, पूर्ण दाबून फक्त ०.३ बार. साबणाच्या पाण्यात टर्बो ते मॅनिफोल्ड होजच्या खालून बुडबुडे, क्लिपच्या कडेला बोटभर चीर. पंपाच्या डोक्याला नळी आहे, ती कडक होऊन जोडाशी फुटली होती. दोन्ही नवीन टाकले. आता ०.५५ बार. तिसरा गिअर बऱ्याच ठिकाणी टिकतोय, शेवटच्या चढाला अजून जातो. धूर कमी झाला पण गेला नाही.

टॅपेट
कॉम्प्रेशन उत्तम. हाफ इंजिनचा विषय संपला.

उरलेला धूर नोझलचा असणार. चारही नोझल काढून कॅलिब्रेशनवाल्याकडं बेंचवर लावा. तुम्ही स्वतः उभे राहून तीन गोष्टी बघा: उघडण्याचा दाब चौघांचा सारखा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याला, फवारा धुक्यासारखा, आणि उघडण्याच्या थोडं आधीच्या दाबावर टोकाला थेंब नाही. थेंब धरणारा नोझल पिस्टनच्या माथ्यावर डिझेल ओततो, तिथूनच भोक पडायला सुरुवात होते. परत बसवताना खालचे तांब्याचे वॉशर नवे आणि खोबणीतली जुनी काजळी पूर्ण काढलेली.

त्याच दिवशी टॅपेट (व्हॉल्व्हवरची फट, म्हणजे क्लिअरन्स) सेट करा. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. चौथ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह झुलत असतील (एक मिटतोय, दुसरा उघडतोय) तेव्हा पहिल्याचे सेट करा, पहिल्याचे झुलत असतील तेव्हा चौथ्याचे. तसंच दुसरा आणि तिसरा. क्लिअरन्सचा आकडा मॅन्युअलचाच घ्या. क्लिअरन्स फार कमी राहिला तर व्हॉल्व्ह गरम झाल्यावर पूर्ण बसत नाही आणि जळतो.

मग टायमिंग, म्हणजे डिझेल फवारायची वेळ. पंप कधी उघडला असेल आणि खुणेवर खूण अंदाजानं बसवली असेल तर दोन-तीन अंश इकडं-तिकडं सहज होतात. टायमिंग मागं असेल तर धूर, तापणं आणि मेलेली ओढ. पुढं असेल तर खडखड आवाज, ओढ बरी वाटते पण हेड गॅस्केटवर भार. रोटरी पंपाला (एकच डोकं चारही सिलिंडरला डिझेल वाटतं) मधला प्लग काढून डायल गेज लावतात, इनलाइनला (प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर) स्पिल पद्धत. डोळ्यानं नको.

चिकोडी_तेवीस
माझी सीआरडीई पिकअप आहे, नंतरची, कॉमन रेलची. उसाच्या हंगामात रोज कारखान्याला भरून धावते. बाजारात पॉवर बॉक्स म्हणून मिळतो, दोन वायरी जोडायच्या म्हणतात. तो चालेल का?

उद्यमबाग
असले बहुतेक बॉक्स रेल प्रेशर सेन्सरचा सिग्नल कमी करून ईसीयूला (इंजिनाचा कॉम्प्युटर) फसवतात. ईसीयूला वाटतं दाब कमी आहे, म्हणून तो खरा दाब वाढवतो. ताकद वाढते हे खरं, पण हाय प्रेशर पंप आणि इंजेक्टर सतत जास्त दाबावर चालतात, आणि कॉमन रेलचे चार इंजेक्टर हा मोठा खर्च असतो. उसाच्या हंगामात रोज भरून धावणाऱ्या गाडीला मी तो लावायला सांगणार नाही. तुमच्याकडं आधी रेडिएटर बघा. कारखान्याच्या आवारातला पाचोळ्याचा भुसा जाळीत बसतो, इंजिन तापतं आणि ईसीयू स्वतःच ताकद कमी करतो. मागून पुढं, म्हणजे इंजिनाकडून बाहेर, पाणी मारा. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारा) काजळीनं अर्धवट उघडा राहिला असेल तर तोही साफ करा. पत्रा मारून कायमचा बंद करू नका.

लाल_मातींच्या गाडीला तर ईसीयूच नाही. मेकॅनिकल पंपाला कुणी चिप विकत असेल, किंवा डिझेल लाइनला चुंबक, तर पैसे जातील, दुसरं काही होणार नाही.

घाटमाथा
नळ्या आणि नोझलनं एवढं सुधारतंय तर चांगलंच आहे. पण कंपनीपेक्षा जास्त हवंच असेल तर? सगळंच भीतीनं टाळायचं का?

उद्यमबाग
टाळायचं नाही, क्रमानं करायचं. आधी हवा, मग डिझेल, आणि दोन्हीच्या मधे थर्मामीटर.

हिशोब बघा. बाहेर ३५ अंश असताना ०.६ बार बूस्टला टर्बोतून निघणारी हवा १०५ ते ११० अंशांच्या आसपास असते. गरम हवा विरळ. इंटरकूलरनं ती ६० वर आणली तर तेवढ्याच दाबात सुमारे १४ टक्के जास्त हवा मावते. कूलरच्या नळ्यांत थोडा दाब जातो, म्हणजे हाताशी दहा टक्के. जुन्या बाजारातून दुसऱ्या गाडीचा ॲल्युमिनियमचा कूलर घ्या, पाण्यात बुडवून हवा भरून गळती तपासा, आतून डिझेलनं धुऊन पूर्ण वाळवा. फुटलेल्या टर्बोच्या गाडीचा कूलर असेल तर आत धातूचे कण असतात, तो घेऊच नका. रेडिएटरच्या पुढं बसवताना मधे दोन बोटं जागा सोडा. पाइप वळणाला चपटा होता कामा नये, आणि होज टर्बोचाच सिलिकॉनचा घ्या. पाण्याचा रबरी होज तेलकट गरम हवेनं आठवड्यात फुगतो.

मग एक्झॉस्ट टेंपरेचर गेज, के टाइप प्रोब. एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधे, टर्बोच्या आधी. मॅनिफोल्ड उतरवूनच भोक पाडा. बीडाचा एक कण टर्बाइनमधे गेला तर बिनाकामाचा खर्च. भरल्या गाडीनं लांब चढावर ७०० अंश ही माझी मर्यादा. काटा तिथं आला की पाय मागं आणि गिअर खाली.

एवढं झाल्यावरच पंप. रोटरी असेल तर फुल लोड स्क्रू एकावेळी एक अष्टमांश फेरा, नट आवळून, त्याच चढावर त्याच वजनानं परत चाचणी. स्क्रू आत गेला की आयडलिंगही चढतं, ते खाली आणा. इनलाइन असेल तर रस्त्यावर होत नाही, गव्हर्नरच्या आतलं काम आहे, चारही सिलिंडरला सारखं डिझेल मोजून बेंचवरच. जास्तीत जास्त आरपीएमचा स्क्रू मात्र कुणालाही हात लावू देऊ नका. या इंजिनाचा पिस्टनचा स्ट्रोक १०१.६ मिमी आहे. तो जास्त पळवायला बनवलेला नाही, खालून ओढायला बनवलाय.

नारळी_वळण
सायलेन्सरही बघा. टर्बोनंतर पाइपला भोक पाडून लांब तांब्याच्या नळीनं गेज लावा. पूर्ण लोडला ०.१ बारच्या वर दाब दिसला तर आत जाळी पडलीय किंवा पाइप दबलाय. टर्बोपासून मागं सव्वादोन ते अडीच इंची पाइप, कमीत कमी वळणं, सायलेन्सर ठेवून. सायलेन्सर काढून आवाज वाढतो, ताकद नाही.

वजनकाटा
सगळे इंजिनावर बोलताय, म्हणून चाकाचं सांगतो.

एकूण ३ टन गाडी, १० टक्के चढ, ताशी ३५. चाकावर साधारण ४४ एचपी लागतात, गिअरबॉक्स-डिफरेन्शियलची झीज धरून इंजिनाकडून ५२. आता हेच ३०० किलो कमी करून बघा: लागणारी ताकद सरळ १० टक्क्यांनी उतरते. म्हणजे इंटरकूलरएवढा फायदा, फुकट. हौद्याला नंतर वेल्ड केलेले जाड अँगल, लोखंडी कॅरिअर, दोन जादा पाटे, हे सगळं वजनकाट्यावर रिकामी गाडी घालून आरसी बुकातल्या आकड्याशी ताडा.

टायर: २१५/७५ आर१५ चा व्यास ७०३ मिमी, २३५/७५ आर१५ चा ७३३. कुणी मोठा टायर टाकला असेल तर चाकावरची ओढ चार टक्के गेली आणि स्पीडोमीटरही कमी दाखवणार. कंपनीच्या मापावर परत या.

क्राऊन-पिनियन (डिफरेन्शियलमधली दातेरी जोडी): झाकण उघडून दात मोजा. समजा ४३ ला १० म्हणजे ४.३, त्याजागी ३९ ला ८ म्हणजे ४.८७५ मिळाला तर प्रत्येक गिअरला १३ टक्के जास्त ओढ. हायवेला इंजिन तितकंच जास्त फिरणार, ताशी ८० नंतर त्रास. जोडी जुळलेलीच घ्या, क्राऊन एकाचा पिनियन दुसऱ्याचा असा नको, आणि बसवणारा निळ्या रंगानं दाताचा ठसा बघणारा हवा. ठसा टोकाला पडला तर पाचशे किलोमीटरात रडायला लागतो.

घाटमाथा
तीनशे किलोचा हिशोब पटला. पंपाचं आधी सांगितलं ते मागं घेतो, गेज नसताना वाढवू नये.

नारळी_वळण
चालवण्यातलं एक. टर्बो डिझेलला १४०० आरपीएमच्या खाली पूर्ण दाबून रखडवू नका. तिथं टर्बो हवा देत नाही, डिझेल मात्र पूर्ण जातं, एक्झॉस्ट टेंपरेचर तिथंच उसळतं. ६३ एचपी ३२०० ला आहेत, १८०० ला नाहीत. वळणाच्या आधीच दुसरा टाका, २५०० वर ओढू द्या. उतरताना भाजी भरलेली असते तेव्हा ज्या गिअरला चढता त्याच गिअरला उतरा, न्यूट्रल करून कधीच नाही.

कागदपत्र
कायद्याची बाजू. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं आरसीवरच्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. दुसऱ्या मॉडेलचं इंजिन टाकायचं तर आधी आरटीओ, मग काम. खानापूरला बेळगाव केए-२२, चिकोडी-निपाणीकडं केए-२३. व्यावसायिक गाडी ८ वर्षांची झाली की फिटनेस दर वर्षी. बीएस-४ च्या आधीच्या डिझेलला धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट, बीएस-४ ला ५०. पंप वाढवलेली गाडी इथंच अडकते. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा की ओ, अपघातानंतर सांगून उपयोग नाही.

लाल_माती
नोझल बेंचवर लावले. दोन थेंब धरत होते, चारही टिपा बदलल्या. टॅपेट सेट केले, दोन एक्झॉस्टचे फार घट्ट निघाले. टायमिंग जागेवर होतं. हौद्याचे जादा अँगल आणि कॅरिअर काढलं, काट्यावर १४० किलो कमी. एक्झॉस्ट गेज बसवला. आता बूस्ट ०.६, शेवटच्या चढाला टेंपरेचर ६४०, धूर दाबल्याक्षणी किंचित आणि लगेच साफ. दोन वळणं सोडली तर तिसरा टिकतो. एकूण खर्च बजेटच्या निम्म्याच्या आत. उरलेल्या पैशात इंटरकूलर की क्राऊन-पिनियन?

वजनकाटा
रोज चोर्ला असेल आणि हायवे कमी, तर क्राऊन-पिनियन.

उद्यमबाग
मी इंटरकूलर म्हणेन. निपाणी-कोल्हापूरकडं भाडं असेल तर ४.८७५ नं हायवेला डिझेल जास्त जाईल, आणि इंटरकूलरनं ६४० चं ५९० च्या जवळ आलं तर पिस्टनचं आयुष्य वाढतं. पंपाला सध्या हात नको, ०.६ ला धूर साफ आहे म्हणजे डिझेल आणि हवा जुळलेत.

पाचशे किलोमीटरनंतर गार इंजिनाला सगळ्या होजच्या क्लिपा परत आवळा, नवा होज बसतो आणि क्लिप ढिली पडते. टॅपेट दोन हजारानंतर परत बघा, विशेषतः ते दोन एक्झॉस्ट. ते परत घट्ट झालेले दिसले तर व्हॉल्व्ह सीटमधे रुतत चाललेत, मग हेड उतरवावं लागेल. तोपर्यंत इंटरकूलरचे पैसे बाजूला ठेवा.